खोटा दवाखाना, खरी संमती

स्टेथोस्कोपचा जन्म संकोचातून झाला. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक नावाच्या डॉक्टरांकडे हृदयाची तक्रार घेऊन एक स्त्री आली. त्या काळी छातीला थेट कान लावून ठोके ऐकायची पद्धत होती. लेनेकना ते प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, दुसरं आपल्या कानाशी धरलं आणि ठोके उलट जास्त स्पष्ट ऐकू आले. दोन शरीरांत अंतर राहावं म्हणून निघालेली ही वस्तू आज काही जोडप्यांच्या कपाटात बरोब्बर उलट कामासाठी ठेवलेली असते. लेनेक यावर काय म्हणाले असते कोण जाणे.

विषय कळलाच असेल. दोन प्रौढ माणसं, दोघांच्या राजीखुशीने, बंद दाराआड डॉक्टर आणि पेशंट होतात. एक तपासतो, दुसरा तपासून घेतो. कधी नुसती नाडी बघणं आणि लाडीगोडी असते, कधी कोट-ग्लोव्हज-टेबल असा पूर्ण देखावा उभा केला जातो, कधी कडक डॉक्टर आणि घाबरलेला पेशंट असं नाटक रंगतं. लैंगिक भूमिका-खेळांतला हा एक जुना आणि बराच लोकप्रिय प्रकार आहे. त्याबद्दल एकतर खिदळून बोललं जातं किंवा बोललंच जात नाही, आणि त्यामुळे तो सुरक्षितपणे कसा खेळायचा हे कुणी सांगत नाही. इथे तेवढंच सांगायचं आहे.

आधी ज्यांना ही आवड आहे आणि 'आपल्यात काही बिघाड तर नाही ना' अशी धास्तीही आहे, त्यांच्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू आहे. तिच्यात प्रौढांमधल्या संमतीच्या अशा आवडींना, त्यांच्यापायी कुणाला त्रास किंवा इजा होत नसेल तर, आजार मानलेलं नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या नियमावलीनेही हीच रेषा आखली आहे: वेगळी आवड असणं ही एक गोष्ट, आणि तिच्यामुळे स्वतःला सतत त्रास होणं किंवा संमती नसलेल्या माणसाला ओढलं जाणं ही दुसरी. पहिलीला उपचारांची गरज नाही.

मग दवाखानाच का आवडतो? दवाखाना तसा आकर्षक वाटावा अशी जागा नाही. फिनेलचा वास, प्लास्टिकच्या खुर्च्या, नंबर येईपर्यंतची वाट. पण त्या खोलीत काही गोष्टी घडतात ज्या बाहेर कुठे घडत नाहीत. तिथे एक माणूस आपल्याकडे पूर्ण लक्ष देतो. 'झोप कशी लागते?', 'इथे दाबल्यावर दुखतं?' असे प्रश्न विचारतो, जे घरातही कुणी विचारत नाही. कपडे काढायला तिथे एक सबब असते, त्यामुळे लाजेची जबाबदारी आपल्यावर राहत नाही. आणि काय करायचं हे दुसरा ठरवतो. दिवसभर घरचे-दारचे निर्णय घेऊन दमलेल्या माणसाला 'दीर्घ श्वास घ्या, आता सोडा' एवढ्याच सूचना पाळायला मिळणं हीही चैन असू शकते. समोरच्यालाही त्यातून काही मिळतं: निरखून बघण्याची मुभा, घाई न करण्याची सबब, थोडी सत्ता.

सत्ता हा शब्द मुद्दाम वापरला, कारण खेळाची गंमत आणि धोका दोन्ही तिच्यातच आहेत. कोटाची सत्ता खरी असते. दवाखान्यात गेल्यावर अनेकांचं ब्लड प्रेशर घरच्यापेक्षा वर जातं आणि डॉक्टर त्याला 'व्हाइट कोट' परिणामच म्हणतात. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी सुरू केलेले प्रयोग आठवा. प्रयोगशाळेचा करडा कोट घातलेला माणूस शांतपणे 'पुढे चालू ठेवा' म्हणत राहिला आणि पहिल्या प्रसिद्ध प्रयोगातल्या ४० पैकी २६ जणांनी दुसऱ्या माणसाला, त्यांच्या समजुतीप्रमाणे, ४५० व्होल्टचा शेवटचा झटकासुद्धा दिला. झटके खोटे होते, पण हे देणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. कितीजण घामाघूम झाले, कुरकुरले, तरी थांबले नाहीत. कोटासमोर 'नाही' म्हणणं जड जातं. तुमचा नवरा, बायको, जोडीदार कोट घालून समोर उभा राहिला की ते थोडं तुमच्याही बाबतीत होणार, आणि ते व्हावं म्हणूनच तर कोट घातलेला असतो. म्हणून 'नाही'ची सोय कोट चढवण्यापूर्वी करून ठेवावी लागते.

ती सोय वैद्यकानेच तयार करून ठेवलेली आहे. पूर्वी डॉक्टर रुग्णाला फारसं काही न सांगता उपचार करत. आज आपण ज्याला माहितीपूर्ण संमती म्हणतो तो शब्दप्रयोग १९५७ साली कॅलिफोर्नियातल्या एका खटल्याच्या निकालात आला. साल्गो नावाच्या रुग्णाच्या धमनीची तपासणी केल्यानंतर त्याचे पाय लुळे पडले होते आणि धोक्याची कल्पना आधी दिली नव्हती अशी त्याची तक्रार होती. त्यातून रुजलेलं तत्त्व साधं आहे: काय करणार, त्यात काय बिघडू शकतं, दुसरा पर्याय काय, हे कळल्यावर दिलेला होकार तोच होकार. आणि तो कधीही परत घेता येतो. दवाखान्याचा खेळ खेळणाऱ्यांनी कोट, ग्लोव्हज आणि टॉर्च उसने घेतलेच आहेत, तर ही एक गोष्टही उसनी घ्यावी. माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची आहे.

बोलणी कधी करायची? आदल्या दिवशी, चहा घेताना, कपडे अंगावर असताना. अंथरुणात, मध्यरात्री, मूड जमून आल्यावर केलेली बोलणी ही बोलणी नसतात. तेव्हा दोघांनाही सगळंच चालणार असतं. आणि बोलणी म्हणजे 'चालेल का तुला?' 'हो, चालेल' एवढंच नव्हे. बारकावे विचारा. एका जोडप्याचं संभाषण असं असू शकतं:

"मला ते तपासणीचं आवडेल. पण इंजेक्शन नको."

"खरं कोण देतंय? प्लास्टिकची सिरिंज, सुई नाही त्याला."

"खोटंसुद्धा नको. बघूनच पोटात गोळा येतो."

"बरं. सिरिंज बाद. कोट?"

"कोट घाल. पण ते स्पिरिट नको लावूस, त्या वासाने मला आईचं आयसीयू आठवतं."

शेवटचं वाक्य नीट बघा. खेळात स्पिरिटचा वास आला असता आणि ती अचानक गप्प झाली असती, तर का ते कळायला मार्गच नव्हता.

दवाखाना हे नाटकाचं नुसतं नेपथ्य नाही, ती अनेकांच्या आयुष्यातली खरी आणि वाईट जागा आहे. समुद्री चाचा आणि राजकन्या असा खेळ खेळताना कुणाच्या जुन्या जखमेवर बोट पडण्याची शक्यता कमी. इथे मात्र बाळंतपणात कुणी न विचारता केलेली आतली तपासणी असू शकते, गर्भपात असू शकतो, एखादं मोठं ऑपरेशन, कॅन्सरचे महिने, कुणा डॉक्टरने खरोखर केलेला गैरवर्ताव. अशा आठवणी डोक्यात शब्दांच्या रूपात असतातच असं नाही. त्या वासात, थंड धातूच्या स्पर्शात, उताणं झोपून छताकडे बघण्यात दडलेल्या असतात. काहीजणांना हाच खेळ जुन्या असहायतेवर थोडा ताबा मिळवून देतो, कारण इथे थांबवण्याचा हक्क आपल्याकडे असतो. काहींची जखम मात्र त्यातून पुन्हा उघडते. आपण कुठल्या गटात आहोत हे खेळून बघून ठरवू नये. आधी बोलून, शंका असेल तर समुपदेशकाशी बोलून ठरवावं. आणि 'मला हे नको' म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. सांगितलं तर ऐकायचं, इतकंच.

आता या खेळाची एक खास गोची, जी दुसऱ्या खेळात सहसा येत नाही. खेळ थांबवायचा शब्द, ज्याला बरेचजण सेफवर्ड म्हणतात, तो कशाला लागतो? 'थांब' म्हटलं की थांबायचं, एवढं पुरे नाही का? इथे नाही पुरत. 'दुखतंय', 'चक्कर येतेय', 'छातीत धडधडतंय', 'श्वास लागतोय', 'डॉक्टर, बस्स' ही सगळी वाक्यं पेशंटच्या पात्राच्या तोंडीच आहेत! पेशंट तक्रार करणारच. खरोखर चक्कर आली तर तो काय म्हणणार? 'चक्कर येतेय.' आणि डॉक्टर झालेला जोडीदार गंभीर चेहऱ्याने नाडी बघत बसणार.

म्हणून दवाखान्याशी अजिबात संबंध नसलेला शब्द हवा. रेल्वे, छत्री, कासव, काहीही. बरेच लोक सिग्नलचे रंग वापरतात: हिरवा म्हणजे चालू दे, पिवळा म्हणजे हळू किंवा काहीतरी बदल, लाल म्हणजे खेळ संपला. पिवळ्याचा फायदा मोठा आहे, कारण ग्लोव्हज काचतोय एवढ्यासाठी कुणाला सगळा खेळ मोडायचा नसतो आणि मग तो सहन करत राहतो. याच्या जोडीला मी एक नियम सुचवेन: ठरलेलं खरं नाव. खेळात 'डॉक्टर' आणि 'पेशंट' असतं. कुणीही दुसऱ्याला त्याच्या घरातल्या नावाने हाक मारली की त्यापुढचं सगळं खरं मानायचं. 'अगं, मला खरंच चक्कर येतेय' यातला 'खरंच' निसटू शकतो, नाव निसटत नाही.

शब्दही पुरेसा नसतो अशा वेळा येतात. तोंडात थर्मामीटर असतो, तोंडावर मास्क असतो, किंवा नाटकात पेशंटला 'भूल' दिलेली असते. तेव्हा हातात किल्ल्यांचा जुडगा किंवा चेंडू द्यावा. तो खाली पडला की थांबायचं, मग मुद्दाम टाकला असो वा हातातून सुटला असो. सुटला असेल तर उलट जास्त लवकर थांबायचं. 'भूल' दिलेल्या पेशंटचा हात डॉक्टरने दर थोड्या वेळाने दोनदा दाबावा आणि उत्तरात दोनदा दाब यावा. आला नाही तर खेळ बंद.

शिवाय माणूस गोठतो ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. फार भीती वाटली की काहीजण ओरडत नाहीत, पळत नाहीत, ढकलत नाहीत. शरीर जागच्या जागी थिजतं आणि आवाज फुटत नाही. ही शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे, त्या माणसाच्या हातात नसते. बाहेरून ते अगदी आज्ञाधारक पेशंटसारखं दिसतं. ज्याच्या अंगावर कोट आहे त्याने हे ओळखायला शिकायचं: नजर कुठेतरी लांब, श्वास उथळ, प्रश्नांना उत्तर नाही किंवा यांत्रिक 'हो', 'हो'. अशा वेळी रंग विचारावा. उत्तर आलं नाही तर तोच लाल.

खऱ्या डॉक्टरांची एक चांगली सवय इथे फार उपयोगी पडते: हात लावण्यापूर्वी सांगणं. 'आता पोट बघतो. हात थंड लागेल. इथे जरा दाबणार आहे, दुखलं तर सांगा.' चांगले डॉक्टर हे बोलतात, आणि गंमत म्हणजे खेळातही हे बोलणं रंग आणतं. पुढे काय होणार हे कळल्यावर वाट बघण्यातली हुरहुर वाढते. समोरच्याला नको असेल तर तेवढ्या सेकंदात सांगायला वावही मिळतो. सुरक्षिततेने मजा जाते अशी तक्रार करणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशन थिएटरसाठी १९ मुद्द्यांची एक यादी आणली. तीन वेळा थांबायचं: भूल देण्याआधी, पहिला छेद घेण्याआधी, आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी. मोठमोठ्या आवाजात, सगळ्यांसमोर, रुग्णाचं नाव काय, कुठली बाजू, कशाची अॅलर्जी. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. वर्षानुवर्षं तेच काम करणाऱ्या सर्जनलाही साध्या गोष्टी विसरू नयेत म्हणून यादी लागते, तर आपल्याला का लागू नये? खेळाआधी 'केसपेपर' भरा. खरा केसपेपर. दम्याचा पंप कुठे आहे, फिट्सचा त्रास आहे का, हृदयाचा, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, रबराची अॅलर्जी, गर्भ आहे का, गुडघा किती वाकतो, कुठल्या जागी हात लावायचा नाही. हा भाग नाटकातच घेतला तर कंटाळवाणाही होत नाही; 'नाव? वय? आधीचे आजार?' असं विचारत डॉक्टर लिहून घेतो, आणि सगळी उत्तरं खरी असतात.

सामानाकडे वळू. सगळं सामान नवीन आणि फक्त आपलंच असावं. दवाखान्यातून 'जुनं, टाकाऊ' म्हणून आणलेलं काहीही नको. हेपटायटिस-बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान सात दिवस जिवंत राहतो.

स्टेथो निरुपद्रवी आहे, फक्त तो कानात असताना दुसऱ्या टोकाशी बोलू किंवा टिचकी मारू नये, कानठळ्या बसतात. ब्लड प्रेशरचा पट्टा दंडावरच बांधायचा, मानेवर कधीही नाही, आणि फुगवून तसाच ठेवायचा नाही. थर्मामीटर डिजिटलच वापरायचा. काचेचा पाऱ्याचा जुना सापडला तरी तो खेळात आणू नका. काच फुटते, आणि पाऱ्याची वाफ विषारी असते. पाऱ्याविषयीच्या २०१३ च्या मिनामाता करारात असे थर्मामीटर बाजारातून काढायचं ठरलंच आहे. जिभेखाली ठेवायचा थर्मामीटर वेगळा आणि दुसरीकडचा वेगळा, आणि दुसरीकडे जे काही वापराल त्याचं तळाचं टोक रुंद असलं पाहिजे. गुदद्वारातून वस्तू आत ओढली जाते आणि हाताने निघत नाही. आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरांना ही कहाणी पाठ असते.

ग्लोव्हजबद्दल जरा जास्त सांगतो. लेटेक्स म्हणजे नैसर्गिक रबर. त्याची अॅलर्जी खाज-पुरळापासून श्वास कोंडण्यापर्यंत जाऊ शकते. फुगे फुगवताना ओठ सुजणाऱ्या, केळं-किवी-अॅव्होकॅडोने तोंड खाजणाऱ्या माणसाने आधीच सावध व्हावं, कारण या फळांतली काही प्रथिनं लेटेक्ससारखीच असतात. निळे नायट्राइलचे ग्लोव्हज घेतले की हा प्रश्न मिटतो. लेटेक्सचे वापरणार असाल तर खोबरेल तेल, व्हॅसलीन, बॉडी लोशन लांब ठेवा. तेलाने लेटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं, कंडोमचंही तेच. पाण्यावर आधारलेलं वंगण वापरा. मागच्या बाजूचा ग्लोव्ह पुढे न्यायचा नाही, लगेच बदलायचा. आतड्यातले जंतू मूत्रमार्गात गेले की पुढचा आठवडा जळजळीत जातो. आणि ग्लोव्ह धुऊन पुन्हा वापरायचा नसतो.

साफसफाईत लोक एक चूक नेहमी करतात: सरळ स्पिरिट फवारतात. आधी साबण-पाणी, कारण चिकटलेल्या घाणीखाली जंतुनाशक पोचत नाही. मग ७० टक्क्यांचं अल्कोहोल लावून हवेवर आपोआप वाळू द्यायचं. ९९ टक्क्यांचं जास्त जहाल म्हणून जास्त चांगलं, असं वाटतं, पण जंतूंच्या आत शिरायला अल्कोहोलला थोडं पाणी लागतं आणि फार तीव्र असलं तर ते काम करण्याआधीच उडून जातं. हे सगळं वस्तूंसाठी. नाजूक त्वचेला स्पिरिट किंवा घरातलं जंतुनाशक लावणं म्हणजे भाजून घेणं.

एक छोटं चाक असतं, दांड्याला लावलेलं, कडेने टोकदार काटे. मज्जासंस्थेचे डॉक्टर रॉबर्ट वॉर्टेनबर्ग यांच्या नावाने ओळखलं जातं. त्वचेला संवेदना किती आहे हे तपासायला ते फिरवत. या खेळात ते फार आवडीचं आहे, कारण हलक्या हाताने फिरवलं तरी अंगावर काटा येतो. हलक्या हातानेच फिरवा. दाबलं तर त्वचा फुटते, आणि फुटली की ते चाक रक्त लागलेली वस्तू झाली. मग ते दुसऱ्या कुणाच्या अंगाला लागता कामा नये. चेहरा, डोळ्यांच्या आसपास नाहीच.

हातपाय बांधायचे असतील तर लवचीक बँडेज दिसायला छान असतं, पण प्रत्येक वेढ्यागणिक ते जास्त आवळतं. बांधल्यावर आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. बोटं गार पडली, निळसर झाली, मुंग्या आल्या, बधिर झाली की लगेच सोडायचं. सोडायला वेळ लागू नये म्हणून बँडेज कापायची कात्री हाताशी ठेवा. तिचं खालचं टोक बोथट असतं, त्यामुळे त्वचा कापली जात नाही. या सगळ्या सामानातली खरोखर कामाची वैद्यकीय वस्तू कुठली विचाराल तर ही कात्री. बांधलेल्या माणसाला एकटं सोडून जायचं नाही, दाराची घंटा वाजली तरी.

आता ज्याला नुसतं 'नाही' म्हणायचं ते. सुई टोचणं, सलाईन लावणं, रक्त काढणं, टाके घालणं, मूत्रमार्गात काही घालणं हे खेळातून पूर्ण वगळा. व्हिडिओ बघून शिकता येतं असं ज्यांना वाटतं त्यांनी लक्षात घ्यावं की प्रशिक्षित नर्स निर्जंतुक खोलीत नळी घालते तेव्हाही जंतुसंसर्ग होतो. मूत्रमार्ग आतून ओरखडला तर तिथे व्रण होऊन मार्ग अरुंद होऊ शकतो, आणि मग आयुष्यभराच्या फेऱ्या. एनिमाही हौसेने घेण्यासारखा नाही. पाणी गरम असलं तर आतून भाजतं, जास्त असलं किंवा औषधी मिश्रणाचं असलं तर रक्तातल्या क्षारांचा तोल जातो. स्नायूंच्या दुखण्यासाठी मिळणारं विजेचं यंत्र छातीवर आणि मानेवर लावायचं नाही, आणि पेसमेकर असलेल्याला लावायचंच नाही.

गळा दाबणं किंवा नाकातोंडावर काही दाबून धरणं हे तर दवाखान्याच्या खेळात 'ऑक्सिजन मास्क'च्या नावाखाली चोरपावलांनी येतं. मानेतल्या रक्तवाहिन्या दाबल्या की १० सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपू शकते, म्हणजे सेफवर्ड उच्चारायचा निर्णय होईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. याची सुरक्षित पद्धत नाही.

आणि भूल. पडद्यावर रुमालाला क्लोरोफॉर्म लावून नाकाशी धरला की माणूस क्षणात कोसळतो. प्रत्यक्षात काही मिनिटं लागतात, आणि प्रमाण किंचित चुकलं तर हृदय थांबू शकतं. १८४७ मध्ये स्कॉटिश डॉक्टर जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणलं, आणि त्याने झालेला पहिला मृत्यू दुसऱ्याच वर्षी नोंदवला गेला. आज भूल देणं हे वेगळं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचं काम आहे, आणि ते पूर्ण वेळ रुग्णाच्या उशाशी बसून असतात ते उगाच नाही. खेळातली गोळी साखरेची, सिरप सरबताचं. झोपेची गोळी, कुणाच्या नावावरचं औषध, दारूवर घेतलेलं काहीही नको. झोपेच्या गोळ्या आणि दारू मिळून श्वास मंदावतो. शिवाय नशेतल्या माणसाचा होकार हा होकार नसतो, मग त्याने शुद्धीत असताना आधी काहीही कबूल केलेलं असो.

शंभरातल्या तीन-चार जणांना रक्त, सुई, जखम यांची तीव्र भीती असते, आणि त्यांतले बरेचजण ब्लड प्रेशर एकदम खाली येऊन बेशुद्ध पडतात. इतर भीतींमध्ये प्रेशर वाढतं, या एकीत पडतं. त्यामुळे नुसती सिरिंज बघूनही पेशंट पांढराफटक पडू शकतो. आडवं करा, पाय उंच करा, घट्ट कपडे सैल करा. एक-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही तर नाटक नाही, रुग्णवाहिका. बराच वेळ आडवं राहिलेल्या कुणालाही झटकन उठवू नये, आधी बसवावं.

थोडं विषयांतर. या खेळात 'नर्स' हे पात्र फार चालतं, आणि तिचा जो पोशाख बाजारात मिळतो तो कुठल्याही वॉर्डात कुणी घातलेला मी पाहिलेला नाही. आपल्या खोलीत कुणी काय घालावं हा आपला प्रश्न. पण खऱ्या नर्सेसना रुग्णांकडून, नातेवाइकांकडून येणाऱ्या लाळघोटेपणाला रोज तोंड द्यावं लागतं. खेळ खोलीतच राहावा. खऱ्या तपासणीच्या वेळी डोळा मिचकावून केलेला विनोद, वेटिंग रूममधली चावट कुजबुज, यांत समोरच्या माणसाची संमती कुठेच नसते. कोट घालून बाहेर हिंडून कुणा तिऱ्हाइताला 'मी डॉक्टर' म्हणून तपासणं हा तर अनेक ठिकाणी गुन्हाच आहे. आणि जोडीदार खराच डॉक्टर किंवा नर्स असेल तर त्याला विचारा की घरी आल्यावर पुन्हा स्टेथो गळ्यात घालायची हौस आहे का. बहुतेकदा उत्तर हसू असतं. डॉक्टरांसाठीच्या हिप्पोक्रेटसच्या शपथेत, जी दोन हजार वर्षांहून जुनी आहे, ज्या घरात रुग्णासाठी जाईन तिथल्या स्त्री-पुरुषांशी शरीरसंबंधाच्या हेतूने वागणार नाही असं स्पष्ट वचन आहे. खऱ्या डॉक्टर आणि खऱ्या रुग्णामध्ये ही कल्पना खेळ म्हणूनही चालत नाही, कारण तिथे सत्ता नाटकातली नसते आणि सेफवर्डही नसतो.

फोटो आणि व्हिडिओला वेगळी परवानगी लागते, आणि ती दर वेळी नव्याने. 'तपासणी' करून घ्यायला हो म्हटलं म्हणजे फोनला हो म्हटलं असं होत नाही.

खेळात हसू येतं, तेव्हा हसावं. पट्ट्यातली हवा फुस्सकन सुटली, कोटाचं बटण तुटलं, 'आ करा' म्हटल्यावर ढेकर आली, तर चेहरा गंभीर ठेवायची सक्ती नाही.

कोट उतरवण्याला मात्र वेळ द्या. खेळात अंगात अॅड्रेनलिन आणि एंडॉर्फिन उसळलेली असतात. ती ओसरली की काहींना थंडी वाजते, रडू येतं, उगाच ओशाळल्यासारखं वाटतं. कधी हे दुसऱ्या दिवशी येतं, ऑफिसात बसल्या बसल्या. त्यामुळे लगेच उठून आंघोळीला पळू नये. ग्लोव्हज काढा, कोट काढा, नाव घेऊन हाक मारा, पांघरूण घाला, पाणी द्या. डॉक्टर झालेल्यालाही हे लागतं, हे लोक विसरतात. कडक वागण्याचं नाटक केल्यावर 'मी असा आहे का?' ही शंका त्यालाही चावते. खेळ मध्येच थांबवावा लागला असेल तर 'काय झालं, सांग ना, काय झालं' म्हणून पिच्छा पुरवू नये. जवळ बसावं, हात धरू का विचारावं. बोलणं उद्या होईल. उद्या मात्र ते व्हायलाच हवं: काय आवडलं, काय पुन्हा नको, कुठे कंटाळा आला. महिनाभराने तोच वास, तोच प्रसंग मनात येऊन झोप उडत असेल तर समुपदेशक गाठावा.

आणि काही बिघडलंच, म्हणजे रक्त थांबत नाही, वस्तू आत राहिली, बोटांची बधिरता गेलीच नाही, लघवीला जळजळ आणि ताप आला, तर खऱ्या दवाखान्यात जायचं. त्याच दिवशी. लाजेपायी दोन दिवस घरगुती उपाय करत बसल्याने साधी गोष्ट अवघड होते. तिथे 'बाथरूममध्ये पाय घसरून पडलो' ही गोष्ट रचत बसू नका. ड्यूटीवरच्या डॉक्टरने ती याआधी बऱ्याचदा ऐकलेली असते आणि खोट्या माहितीवर उपचार मात्र चुकतात. काय वापरलं, किती वाजता, तेव्हापासून काय काय होतंय, एवढं सांगितलं की पुढचं ते बघतात. केसपेपरवर लिहून घेताना त्यांनी मान वर केली नाही तरी वाईट वाटून घेऊ नका. त्यांच्यापुढे अजून वीस पेशंट असतात.